गळ टाकायला जाताना प्रथमोपचाराचं काय काय सोबत ठेवता?

काठावरला

नमस्कार मंडळी,

रॉड कोणता, रीळ कोणतं, तंगूस किती जाडीचा, आमिष जिवंत की कृत्रिम, यावर इथे आपण पानंच्या पानं भरतो. गळ माशाऐवजी आपल्याच बोटात रुतला तर काय, यावर मात्र एकही धड धागा सापडला नाही. म्हणून हा काढतोय.

माझ्याकडे एक तयार प्रथमोपचार पेटी आहे. काल ती उघडून सगळं चटईवर मांडलं. कापसाचा गुंडा, दोन-तीन आकारांच्या चिकटपट्ट्या, जंतुनाशक मलमाची इवलीशी ट्यूब आणि कात्री अशी की तिने तंगूससुद्धा धड कापला जायचा नाही. घरात सुरी लागली तर हे पुरेल. पण पाण्यावर हात ओले, माशाच्या बुळबुळीत चिकटाने माखलेले, आणि जवळचा दवाखाना तास-दीड तासावर. तिथे यातलं कामाला काय येणार?

मी बहुतेक वेळा नदीकाठी किंवा धरणाच्या पाण्यावर असतो, अधूनमधून मित्राच्या लहान होडीतून समुद्रात. सोबत एक-दोघंच. तुम्ही काय नेता आणि त्यातलं खरोखर काय वापरलं गेलं ते लिहा. "सगळंच न्यावं" असं उत्तर नको, कारण मग काहीच नेलं जात नाही.

गळेकर

चांगला विषय. यादी नंतर, आधी एकच वस्तू सांगतो: तार तोडायचा कटर. पक्कड नव्हे, कटर. पक्कडीच्या बुडाशी जी धार असते ती तंगूसला आणि मऊ तारेला पुरते. कडक पोलादी गळ तिने तुटत नाही, उलट धारेलाच खाच पडते. कटर आणलात की घरीच तुमच्याकडचा सगळ्यात जाड गळ तोडून बघा. एका हाताने. मग दुसऱ्या हाताने. कोणता हात मोकळा राहणार हे ऐनवेळी गळ ठरवतो, आपण नाही. तोडताना तुकडा उडतो, तेव्हा डोळ्यांवर चष्मा आणि गळावर कापड.

आणि कटर पेटीत ठेवू नका. जाकिटाला किंवा कमरेला दोरीने बांधून ठेवा.

पाणकोंबडी

गळेकरांना +१.

कृत्रिम आमिष वापरणाऱ्यांनी तर कटरशिवाय घराबाहेर पडू नये. तिहेरी गळाची एक नांगी माशाच्या जबड्यात, दुसरी तुमच्या बोटात, आणि मासा जिवंत. तो प्रत्येक झटक्याला तुमच्या बोटातला गळ आणखी आत नेतो. अशा वेळी पहिलं काम बोटातला गळ काढायचं नाही, माशाला बोटापासून तोडायचं. ओला टॉवेल टाकून मासा जमिनीवर दाबून धरायचा आणि सोबत्याने मधली कडी किंवा गळाची दांडीच तोडायची. एकटे असाल तर मासा गुडघ्याखाली. मग उरलेल्या मोकळ्या नांग्यांवर चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर मदत करणाऱ्याच्याही हातात एक जाते.

लांब दांड्याचा चिमटा वापरला तर ही वेळच येत नाही, पण ते वेगळ्या धाग्याचं काम.

आळशी_बगळा

कटर, चिमटा, टॉवेल, पट्ट्या... मासे ठेवायला पिशवीत जागा राहील ना? :)

(मी आजवर फक्त एक मोठा रुमाल नेत आलोय. वाचतोय.)

तंगूसवाला

बोटात रुतलेला गळ काढायची दोरीची पद्धत इथे कुणाला येते का? मी ती दुसऱ्याच्या हातावर होताना बघितली आहे. काही कळायच्या आत गळ बाहेर. पण नीट पायऱ्या कुणी लिहिल्या तर बरं.

गळेकर

आमच्याकडे जुनी माणसं गळ पुढे ढकलून टोक बाहेर काढतात, उलटा काटा तोडतात आणि मग उरलेला गळ आल्या वाटेने मागे. खात्रीची पद्धत. दोरी वगैरे मला जरा जादूचे प्रयोग वाटतात.

साधीसुई

मी कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःही गळ टाकते, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी, काय काढायचं नाही ते. डोळा, पापणी, मान, चेहरा, जननेंद्रिय, सांध्याच्या अगदी लगत किंवा बोट हलवताना गळही हलतोय (म्हणजे तो स्नायुबंधात अडकला असण्याची शक्यता), बोट बधिर झालंय, रक्त उसळून येतंय, यांपैकी काहीही असेल तर हात लावू नका. तंगूस तोडा, गळ हलणार नाही असा पट्टीने जागच्या जागी बसवा आणि निघा. गळ रुतलेला राहिला म्हणून दोन-चार तासांत काही बिघडत नाही. घाईत ओढून शीर किंवा स्नायुबंध फाटला तर बिघडतं.

डोळ्यात गेला असेल तर तो अजिबात काढायचा नाही, दाबायचा नाही, वर कापूस ठेवायचा नाही. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर पालथा घालून कडेकडेने चिकटपट्टी लावा, म्हणजे कशाचाच स्पर्श होणार नाही. दुसरा डोळाही हलका झाका, कारण एक डोळा फिरला की दुसरा त्याच्याबरोबर फिरतो. जवळच्या दवाखान्यात नाही, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तुमच्या यादीत चष्मा लिहिलेला नाही, तो सगळ्यात वर लिहा. ऊन असो नसो, गळ फेकताना डोळ्यांवर काच हवीच, तुमच्या आणि शेजाऱ्याच्याही.

आता दोरीची पद्धत. ती मांसल, पक्क्या जागेसाठी आहे: दंड, पोटरी, पाठ, बोटाचं मांसल पेर. कानाच्या पाळीसारख्या लोंबत्या जागेला चालत नाही, कारण झटक्याबरोबर ती जागाच पुढे येते.

गळ एकेरी असावा, तिहेरी असेल तर बाकीच्या नांग्या आधी तोडाव्यात. जाड दोरी किंवा मजबूत तंगूस दोनपदरी करून गळाच्या वाकात, अगदी मधोमध, अडकवायची आणि दुसरं टोक आपल्या हाताला गुंडाळायचं. जखमी भाग खडकावर किंवा होडीच्या काठावर पक्का टेकवायचा. मग दुसऱ्या हाताच्या बोटाने गळाची नेढ्याकडची दांडी त्वचेला लागेपर्यंत खाली दाबायची. सगळी मेख याच दाबण्यात आहे. दांडी खाली गेली की आतला उलटा काटा मांसातून सुटतो. ती तशीच दाबून धरून दोरीला त्वचेला समांतर, नेढ्याच्या उलट दिशेला, एकच जोरदार झटका. हळूहळू ओढलं तर काटा पुन्हा रुततो. गळ सुसाट उडतो, तेव्हा त्या रेषेत कुणी उभं नको.

गळेकर, पुढे ढकलायची पद्धत चुकीची नाही, आम्हीही वापरतो. पण आम्ही आधी भूल देतो. काठावर भूल नसते, आणि ढकलताना टोक आत कुठून जाणार ते दिसत नाही. टोक आधीच त्वचेखाली टेकून फुगवटा दिसत असेल तरच ती सोयीची. गळाला उलटा काटा नसेल किंवा तो अगदी बारीक असेल, तर दांडी दाबून आल्या वाटेनेच मागे घेतला तरी निघतो.

एक झटका फसला तर दुसरा मारू नका. पट्टी बांधा आणि दवाखाना.

तंगूसवाला

धन्यवाद डॉक्टर! वाचनखूण साठवली. संत्र्याच्या सालीत गळ रुतवून सराव करून बघतो.

गळेकर

भूल नसते हा मुद्दा मान्य. जुन्या माणसांना ओरडायला लाज वाटायची, एवढाच फरक.

उलट्या काट्याचं म्हणाल तर मी आता सगळ्याच गळांचे काटे पक्कडीने दाबून सपाट करतो. तंगूस ताणलेला ठेवला तर मासे फारसे सुटत नाहीत, सोडायचा मासा पटकन सोडता येतो, आणि बोटातून गळ निघतो तो नुसता मागे घेऊन.

खारवा

समुद्रवाले अजून कुणी बोलले नाहीत, म्हणून मी. आमच्याकडे गळापेक्षा काटा जास्त छळतो. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचा काटा, आणि पाकटाच्या शेपटीचा. दोन्ही विषारी. मासा मेलेला असला तरी काटा मेलेला नसतो. जाळीतून, बादलीतून काढताना लोक तिथेच फसतात.

उपाय एकच, गरम पाणी. म्हणून माझ्या होडीत थर्मास असतो. चहाचा वेगळा, हा वेगळा, आणि त्याला हात लावणाऱ्याशी मी भांडतो.

साधीसुई

खारवा, थर्मासचं एकदम बरोबर. फक्त पाणी किती गरम ते लिहायलाच हवं, कारण हात भाजून आलेली माणसंही आम्ही बघतो.

हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. पाणी साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस असावं, त्याहून गरम नको. थर्मासातलं पाणी उकळतं असतं, ते बादलीत थंड पाण्यात मिसळायचं. तापमान जखमी माणसाने ठरवायचं नाही. त्याला वेदनेपुढे चटका कळत नाही. सोबत्याने स्वतःचं कोपर बुडवून बघावं, एकट्याने आपला चांगला हात. सोसेल इतपत गरम. त्यात जखमेचा भाग ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा, निवलं की आणखी गरम पाणी घाला. दुखणं बरंच उतरतं. पुन्हा उसळलं तर पुन्हा बुडवा.

बोटात अंगठी असेल तर ती पहिल्याच मिनिटाला काढा, मग काटा असो, गळ असो की साप. सूज चढल्यावर ती निघत नाही आणि बोटाचा रक्तपुरवठा आवळते.

हे काटे करवतीसारखे दातेरी असतात, तुकडा आत मोडून राहतो. त्यामुळे दुखणं थांबलं तरी एक्स-रे काढून घ्या. आणि पाकटाचा काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर तो उपसायचा नाही. तो तसाच स्थिर करून इस्पितळ. आतल्या मोठ्या रक्तवाहिनीला कधी कधी त्या काट्यानेच बूच लावलेलं असतं.

पाणकोंबडी

पाकटाबद्दल एक: उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. पाकट आधीच निघून जातो. याला सामान काही लागत नाही.

मुकाट

जेलीफिशला व्हिनेगर न्यावं का? कुणी हो म्हणतं, कुणी नाही.

खारवा

आमच्याकडे हो.

साधीसुई

दोघंही बरोबर असू शकतात, प्राणी कोणता यावर आहे. बॉक्स जेलीफिशच्या डंखावर व्हिनेगर निदान ३० सेकंद ओतत राहतात. न फुटलेल्या विषपेशी त्यामुळे फुटायच्या थांबतात. निळ्या फुग्यासारख्या ब्लू बॉटलवर मात्र ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शनानुसार व्हिनेगर वापरत नाहीत. समुद्राच्या पाण्याने धुवून तंतू काढायचे आणि मग सोसेल इतकं गरम पाणी, २० मिनिटं. तुमच्या किनाऱ्यावर कोणती जात येते ते स्थानिक जीवरक्षकांना विचारा आणि त्याप्रमाणे बाटली न्या किंवा नेऊ नका.

वाळूने घासणं, गोडं पाणी ओतणं आणि लघवी, तिन्ही नको. तिसऱ्याचा सल्ला देणारा मित्र प्रत्येक टोळक्यात एक असतोच.

आळशी_बगळा

तो मित्र आमच्यात मीच आहे. सल्ला मागे घेतला.

काठावरला

किती छान माहिती येतेय! आता कापण्याबद्दल. गळ-काट्यापेक्षा मला तर चाकू आणि वेणीच्या तंगूसचीच भीती जास्त वाटते. अडकलेला गळ सोडवायला लोक तंगूस सरळ तळहाताला गुंडाळून ओढतात.

गळेकर

वेणीचा तंगूस हाडापर्यंत जातो. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून ओढा, हाताला नाही. कापलंच तर चिकटपट्टी विसरा. ओल्या, चिकट बोटावर ती दोन मिनिटं टिकत नाही, आणि मुळात तिचं ते कागदी वेष्टनच एका हाताने उघडत नाही. मी काय करतो: गॉझच्या निर्जंतुक घड्या, एक क्रेप बँडेज आणि कापडी चिकटपट्टी. प्रत्येक वेष्टनाला घरीच कात्रीने एक छोटी चीर देऊन ठेवतो, आतल्या गॉझला धक्का न लावता, नुसत्या कडेच्या शिवणीवर. म्हणजे दात लावून फाडता येतं. मग हे सगळं झिपवाल्या पिशवीत. चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवतो, नाहीतर ओल्या नखाला ते सापडत नाही.

आणि एक कोरडं फडकं पिशवीच्या सगळ्यात वर. आधी हात पुसा, मग बाकीचं.

साधीसुई

गळेकरांची पिशवी मी आमच्या विभागात ठेवून घेईन.

रक्तासाठी: गॉझ ठेवून थेट जखमेवर दाबा, सलग दहा मिनिटं, घड्याळ लावून. मध्ये उचलून बघायचं नाही. बघितलं की धरू लागलेली गुठळी सुटते. भिजलं तर त्यावरच दुसरी घडी ठेवून आणखी जोरात दाबा. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी जास्त वेळ धरा.

हातापायातून रक्त दाबूनही थांबत नसेल आणि जीव जायची वेळ असेल तरच टूर्निके: जखमेच्या तीन-चार बोटं वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळून. किती वाजता बांधलं ते लिहा आणि मग वाटेत सैल करत बसू नका. तयार पट्टा मिळतो तोच न्या. बारीक दोरी किंवा तंगूस मुळीच नको, ती खालचं मांस चिरडते.

रक्त थांबलं की धुणं. जंतुसंसर्ग टाळायला मलमापेक्षा पाण्याचा धार लावलेला मारा कितीतरी उपयोगी. सुई नसलेली २० मिलीची सिरिंज ठेवा, प्यायच्या पाण्याने पुन्हा पुन्हा भरून जखमेत फवारा मारा. नदीचं किंवा समुद्राचं पाणी नको. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेच्या आत ओतू नका, चांगल्या पेशीही जळतात. पोव्हिडोन आयोडीन भोवतीच्या त्वचेला लावा.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा. प्राथमिक मात्रा पूर्ण असतील तर स्वच्छ किरकोळ जखमेला दहा वर्षं आणि गळ, चिखल, मासा अशा घाणेरड्या जखमेला पाच वर्षं हा हिशोब धरतात.

तंगूसवाला

सोबत अँटिबायोटिकच्या गोळ्या ठेवल्या तर? जखम झाली की लगेच सुरू.

साधीसुई

नको. गोड्या पाण्यात एरोमोनास, खाऱ्यात व्हिब्रिओ, माशाच्या खवल्यांवर आणखी वेगळेच जंतू. घरात उरलेली गोळी त्यांच्यावर चालेलच असं नाही, आणि अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी नंतरचं निदान अवघड होतं. अनेक दिवस दवाखान्यापासून लांब राहणार असाल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारून, लिहून घेऊन न्या.

यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मात्र खाऱ्या पाण्यातली जखम हलक्यात घेऊ नये. व्हिब्रिओ व्हल्निफिकस अशा माणसात काही तासांत पसरतो. लाली भराभर वर सरकतेय, फोड येताहेत, दिसतंय त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त आहे, ताप चढलाय: रात्र काढू नका, लगेच इस्पितळ.

भवरा

धागा छान, पण सगळी गाडी गळावरच अडकलीये. माणसं गळाने मरत नाहीत हो. पाण्याने मरतात, उन्हाने मरतात, विजेने मरतात, आणि छातीत कळ येऊन मरतात. मी बचावाचं प्रशिक्षण घेतलंय म्हणून बोलतो. लाइफ जॅकेट होडीत पडलेलं असतं, अंगावर नसतं. मग पेटीत काय आहे यावर चर्चा करून काय उपयोग?

माझ्या यादीत पहिली तरंगणारी फेकदोरी. बुडणाऱ्याच्या मागे उडी मारायची नाही. आधी काठी, रॉड पुढे करा, नाही पुरलं तर दोरी फेका, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच धरून खाली जातो.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, तर बुडालेल्याला आधी पाच श्वास तोंडाने द्या, मग छातीच्या मध्यावर ३० दाब, दोन श्वास, असं चालू ठेवा. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ माणसात पाच-सहा सेंटिमीटर खोल. हे वाचून येत नाही, कुठेतरी पुतळ्यावर करून घ्या.

वीज: ग्राफाइटचा रॉड वीजवाहक असतो. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर रॉड आडवा ठेवून पाण्यापासून दूर, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत यायचं नाही. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्याला हात लावून लगेच छातीवर दाब सुरू करता येतात. अनेक जण केवळ या भीतीने लांब उभे राहतात.

पाणकोंबडी

भवरा, मुद्दा शंभर टक्के मान्य. जॅकेट घालायलाच हवं. पण गळ दर मोसमात कुणाला ना कुणाला रुततोच, त्यामुळे गळावरची चर्चा वाया नाही.

थंड पाण्याबद्दल एक भर: होडीतून पडलं की पहिलं मिनिटभर श्वास आपोआप धापा टाकत आत ओढला जातो. तेवढ्या वेळात पोहायचा आटापिटा न करता फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवायचं. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं, तेवढ्यात बाहेर यायचं. म्हणून कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि चकचकीत बचाव-चादर मी जलरोधक पिशवीत ठेवते. घडी केली की ती तळहातावर मावते.

मुकाट

उन्हासाठी जलसंजीवनीची पाकिटं. अर्धं पाकीट पेल्यात, अर्धं उद्याला, असं करू नये. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यात अख्खं पाकीट. बहुतेक मोठं पाकीट एक लिटरचं असतं.

साधीसुई

मुकाट यांना अनुमोदन. आणि उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागला, चाल लटपटली, तर तो नुसता थकवा नव्हे, उष्माघात समजा. त्याला पाजत बसू नका, ठसका लागेल. सावली, कपडे सैल, अंगावर पाणी ओतून जोरात वारा. आणि मदत बोलवा. ११२ हा क्रमांक बऱ्याच देशांत चालतो. फोन जलरोधक पाकिटात आणि पाकीट गळ्यात.

गोळ्यांत पॅरासिटामॉल पुरे. ५०० मिलीग्रॅमची एक किंवा दोन, चार ते सहा तासांच्या अंतराने, प्रौढाला दिवसभरात आठच्या वर नाही. आयबुप्रोफेन उन्हात, पाणी कमी प्यायलेल्या अंगात मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, म्हणून ते मी ठेवत नाही. मधमाशी-गांधीलमाशीची तीव्र ॲलर्जी असलेल्याचं ॲड्रेनलिनचं पेन त्याच्याच खिशात हवं, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं हे सोबत्यालाही माहीत हवं. होडी लागण्याच्या गोळ्यांनी झोप येते, होडी चालवणाऱ्याने घेऊ नयेत.

साप चावला तर चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात किंवा पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवा आणि प्रतिविष मिळेल अशा इस्पितळात. सापाच्या मागे धावून फोटो काढायची गरज नाही.

काठावरला

सगळ्यांचं वाचून मी आता दोन भाग केलेत. अंगावर: कटर, शिट्टी, फोन, एक गॉझ आणि क्रेप बँडेज. पिशवीत: बाकीचं गॉझ, कापडी पट्टी, सिरिंज, जाड दोरी, कागदी पेला, आयोडीन, चिमटी, चादर, जलसंजीवनी, पॅरासिटामॉल. होडीत असलो की थर्मास आणि फेकदोरी. वजन दुपारच्या पाण्याच्या बाटलीपेक्षा कमी भरलं. आळशी_बगळा, मासे ठेवायला जागा उरली आहे.

एक शंका: गाडीच्या डिकीत हे सगळं कायम ठेवलं तर चालेल का?

गळेकर

गॉझ, दोरी, कटर चालेल. औषधं नको. उन्हात तापलेल्या डिकीत मलम विरघळून तेल आणि चोथा वेगळा होतो, पट्टीचा चिकटा सुटतो. औषधं एका छोट्या पाकिटात घरी, निघताना उचलायची. कटरला तेलाचा थेंब, खाऱ्या हवेत तो आठवड्यात गंजतो.

आणि एक कार्ड ठेवा: ॲलर्जी, चालू औषधं, घरचा नंबर. पेन्सिलीने लिहा. शाई ओल्यात पसरते.

मुकाट

डॉक्टर, जरा विषय सोडून. माशाचा काटा बोटाच्या पेराशी लागला होता, त्याला महिना होऊन गेला. तेव्हा काहीच वाटलं नाही. आता तिथे जांभळट गाठ आहे, फारशी दुखत नाही, पण गेल्या आठवड्यात मनगटाकडे तशीच आणखी एक आली. मलम लावून थांबू का?

साधीसुई

थांबू नका. न बघता निदान करणार नाही, पण काट्यानंतर काही आठवड्यांनी उगवलेली, हळूहळू हाताच्या वरच्या बाजूला सरकत जाणारी गाठ म्हटली की मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू मनात येतोच. क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पण माशांत आणि पाण्यात राहणारा. साध्या अँटिबायोटिकने तो जात नाही, नेमकी औषधं काही महिने घ्यावी लागतात. स्टेरॉइडचं मलम अजिबात लावू नका.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, पेर वाकवताना आखडत असेल तर हाताच्या शल्यविशारदाकडे. आणि "मासा लागला होता" हे स्वतःहून सांगा. हा जंतू ३० अंशांच्या आसपास वाढतो, प्रयोगशाळा नेहमी नमुना ठेवते त्या ३७ अंशांवर तो नीट वाढत नाही. न सांगितल्यास अहवाल "काही आढळलं नाही" असा येऊ शकतो.

मुकाट

सोमवारी जातो. मासा कोणता होता ते आठवत नाही, अडेल का?

साधीसुई

नाही अडणार. पाणी गोडं होतं की खारं आणि काटा साधारण कधी लागला, एवढं सांगा. तुकडा आत राहिला असं वाटत असेल तर तेही.